सुपरग्लू आणि सोडा: तडकलेल्या डॅशबोर्डवरचा हा स्वस्त उपाय महागात पडतो

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डला तडा गेला की हल्ली सगळीकडून एकच तोडगा सांगितला जातो. तड्यात खाण्याचा सोडा भरायचा, वरून सुपरग्लूचे थेंब सोडायचे, क्षणात दगडासारखं कडक होतं, मग घासायचं आणि काळा स्प्रे मारून मोकळं व्हायचं. तासाभराचं काम, खर्च नगण्य, डॅशबोर्ड नव्यासारखा आणि तोही कायमचा. सोबत पुरवण्या असतातच: तडा रुंद असेल तर सिलिकॉन सीलंट भरा, पुढे चकाकीचा स्प्रे मारत राहा म्हणजे पुन्हा तडकणार नाही, आणि हे जमत नसेल तर नवा डॅशबोर्ड घेण्यावाचून इलाज नाही.

कमी खर्चात दुरुस्ती व्हावी हे मला मनापासून पटतं. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांचा खिसा बेताचाच असतो, आणि तरीही ते त्या जिवापाड जपतात. म्हणूनच हा तोडगा खटकतो. थोड्या खर्चात नीट होऊ शकला असता असा डॅशबोर्ड या उपायानंतर अनेकदा दुरुस्तीच्या पलीकडे जातो. एकेक दावा घेऊन बोलतो.

"तडा म्हणजे फट. ती भरली की झालं."

सगळी गडबड इथूनच सुरू होते. साधारण १९६० ते १९८०च्या दशकांतल्या गादीदार डॅशबोर्डला तीन थर असतात. खाली पत्र्याचा किंवा कडक प्लॅस्टिकचा सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेनचा फोम आणि वर व्हायनिलचं, म्हणजे पीव्हीसीचं आवरण. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाची तेलकट रसायनं मिसळलेली असतात. ऊन खाऊन खाऊन ही रसायनं वर्षानुवर्षं थोडी थोडी उडत जातात. पुढच्या काचेला आतून जो चिकट, धुरकट थर धरतो, त्यात त्यांचा वाटा असतो. रसायन कमी झालं की आवरण आकसतं आणि ठिसूळ होतं. खालचा सांगाडा मात्र जेवढा होता तेवढाच राहतो. म्हणजे वरचं आवरण कायम ताणलेलं. मग एखाद्या दिवशी ते कमकुवत जागी फाटतं: स्पीकरच्या जाळीचा कोपरा, काचेखालच्या हवेच्या फटींची कड, स्क्रूचं भोक. डॅटसन २४०झेड, मर्सिडीजची डब्ल्यू१२३, बीएमडब्ल्यूची ई३० या गाड्यांचे डॅशबोर्ड तडकण्यासाठीच ओळखले जातात.

तडा जरा जवळून बघा. दोन्ही कडा वर उचललेल्या आणि बाहेरच्या बाजूला मुडपलेल्या दिसतील. मधे पिवळा-तपकिरी फोम, नखाने खरवडला की भुकटी होऊन पडणारा. कडा बोटांनी एकमेकींकडे ढकलून पाहा, येणार नाहीत. कारण तिथलं आवरण आकसून कमी झालेलं आहे. जी फट रोज थोडी उघडते-मिटते, ती भरायची तर भरण तिच्याबरोबर हलणारंच हवं.

आणि ती हलते किती उष्णतेत, तेही बघा. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी कडक उन्हाळ्यात उभ्या गाड्यांची तापमानं मोजून तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. तासाभरात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापला होता, सावलीतल्या गाडीचा ४८च्या आसपास. रात्री तोच डॅशबोर्ड बाहेरच्या हवेइतका गार होतो, आणि हे चक्र रोज चालतं.

"सुपरग्लू आणि सोडा म्हणजे कायमची दुरुस्ती."

या जोडीची रसायनं खोटी नाहीत. सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे त्याच्या संपर्कात ते झटक्यात घट्ट होतं, इतक्या वेगाने की जागा गरम होते आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते. तयार होतो तो पदार्थ खरोखर कडक असतो. अडचण नेमकी तीच आहे. दोन्ही बाजूंना मऊ फोम आणि आकसणारं व्हायनिल, मधे न वाकणारी कांडी. डॅशबोर्ड तापला-गार झाला की सगळा ताण त्या कांडीच्या कडेला येतो. काही दिवसांनी भरणाच्या दोन्ही बाजूंनी केसाएवढी रेघ उमटते, रंग तिथेच फाटतो, आणि एका तड्याचे दोन समांतर तडे होतात. त्यातून साध्या सुपरग्लूची उष्णता सोसण्याची मर्यादा ८० अंशांच्या आसपास. उन्हातला डॅशबोर्ड रोजच तिच्या जवळ जातो.

घासतानाचा त्रास वेगळाच. भरण आजूबाजूच्या व्हायनिलपेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे पॉलिश पेपर फिरवला की शेजारचं मऊ आवरण झिजतं आणि भरण उंचवट्यासारखं वर राहतं. आणखी घासावं तर डॅशबोर्डवरचे मूळ दाणे, म्हणजे चामड्यासारखी उठलेली नक्षी, पुसले जातात. तडा बोटभर होता, डाग वीतभर होतो.

सुपरग्लूला जागा नाही असं नाही. डॅशबोर्डच्या मागचा स्क्रू बसायचा कडक प्लॅस्टिकचा तुटका खांब, मीटरच्या चौकटीचा उडालेला कोपरा, तिथे हीच जोडी उत्तम चालते. तिथे काही हलत नाही.

पॉलिस्टर लांबीचं, म्हणजे गॅरेजात वापरतात त्या पुटीचंही तसंच. पत्र्याच्या डेंटला ती उत्तम, गादीला वर्ज्य. गादी तिथे शोभेसाठी बसवलेली नव्हती. १९५६ साली फोर्डने गादीदार डॅशबोर्ड सुरक्षेची ऐच्छिक सोय म्हणून विकायला काढला, आणि १ जानेवारी १९६८पासून अमेरिकेत मोटारींच्या अंतर्भागासाठी डोकं आपटण्याच्या दृष्टीने सुरक्षा-मानक लागू झालं. जुन्या गाडीत आधीच एअरबॅग नसते, बऱ्याचदा पट्टाही कमरेपुरताच. आहे ती गादी लांबीने टणक करणं मला मुळीच मान्य नाही.

"मोठ्या तड्यात सिलिकॉन सीलंट भरा, ते लवचीक असतं."

लवचीक असतं हे खरं. पण सुकलेल्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, खड्डा भरायचा फिलर धरत नाही, दुसरा गोंदही धरत नाही. शिवाय ते घासलं जात नाही, नुसतं रबरासारखं लोळतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट असेल तर त्यातून निघणारं ॲसेटिक ॲसिड खालच्या पत्र्याला गंज आणतं. सगळ्या चुकांमधली ही सर्वांत जड, कारण नंतर कुणी चांगली दुरुस्ती करायला बसलं तर त्याला ती जागा आधी कापूनच काढावी लागते.

"चकाकीचा स्प्रे मारत राहा, पुन्हा तडकणार नाही."

उडून गेलेलं प्लास्टिसायझर कुठल्याही स्प्रेने परत आत जात नाही. खोबरेल तेलाने नाही, सिलिकॉन तेलाने तर नाहीच. सिलिकॉन तेलाचा थर वर बसतो, उन्हात काचेत डोळे दिपवणारं प्रतिबिंब पाडतो आणि पुढे रंग मारायची वेळ आली की रंगात गोल गोल खळगे पाडतो. ज्यांना काही लावायचंच आहे त्यांनी पाण्यावर आधारित, चकाकी न देणारं, अतिनील किरणं अडवणारं लोशन लावावं. त्याहून कामाचा आहे काचेवर लावायचा ऊन अडवणारा पडदा. ६९ आणि ४८ अंशांतला फरक सावलीने पडला होता, बाटलीने नव्हे.

"नाहीतर नवाच घ्यावा लागेल."

हा दावा लोकांना सोड्याकडे ढकलतो, म्हणून यावर जास्त बोलायला हवं. मधे भरपूर वाटा आहेत.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे मापाने शिवलेलं कापडी आच्छादन. तडे झाकले जातात, ऊन अडतं, मूळ डॅशबोर्डला हात लागत नाही. पुढे पैसे जमतील तेव्हा खरं काम करता येतं. त्यानंतर कॅप, म्हणजे मूळ आकारावर बसणारं पातळ साच्यातलं प्लॅस्टिकचं कवच. लोकप्रिय मॉडेलांसाठीच ते मिळतं आणि हवेच्या फटींपाशी त्याची कड नजरेला येते, पण लांबून छान दिसतं. ते चिकटवायला सहसा सिलिकॉन गोंद देतात. एकदा चिकटवलं की खालचा डॅशबोर्ड गेला असंच समजा. भंगारातल्या तशाच गाडीचा डॅशबोर्ड मिळाला तर बघा, पण तो सावलीत पडून असेल तरच. उन्हात राहिलेला असेल तर आज अखंड दिसणारा उद्या तडकेल.

आणि तडे मोजकेच असतील तर घरी दुरुस्ती जरूर करा. फक्त तासाभरात होईल ही अपेक्षा सोडा. बॅटरीचं टर्मिनल काढून, वायरींना चिठ्ठ्या लावून डॅशबोर्ड बाहेर काढता आला तर काम निम्मं सोपं होतं. आधी साबणाच्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा पुसा. जुन्या स्प्रेचं सिलिकॉन निघायलाच हवं. मग धारदार ब्लेडने मुडपलेल्या कडा कापून टाका. इथे हात कचरतो, पण त्या कडा खाली बसत नाहीत, राहिल्या तर उंचवटा राहतोच. तड्याच्या टोकाला छोटं गोल भोक पाडा म्हणजे ताण एका बिंदूवर साचत नाही. भुकटी झालेला फोम खरवडून काढा, कडांना उतार द्या आणि खोबणीत प्लॅस्टिकचे बंपर दुरुस्त करायला मिळतो तो दोन भागांचा लवचीक फिलर पातळ थरांनी भरा. प्रत्येक थर पूर्ण सुकू द्या. घासताना हाताऐवजी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला पेपर वापरा: आधी ८० नंबर, मग १८०, शेवटी ३२०.

खरी कसोटी दाण्यांची. सपाट डाग कितीही नीट रंगवला तरी तिरप्या उजेडात उठून दिसतो. डॅशबोर्डचा चांगला भाग शोधा, त्यावर दोन भागांची सिलिकॉन पुटी दाबून साचा घ्या. फिलरचा शेवटचा पातळ थर अर्धवट मऊ असताना तो साचा त्यावर दाबा आणि सुकल्यावर सोलून काढा. मूळचे दाणे जसेच्या तसे उठतात, आणि ते उठलेले पाहताना फार समाधान वाटतं. साचा काढल्यावर जागा पुन्हा अल्कोहोलने पुसायची, कारण साच्याचं सिलिकॉन मागे राहू शकतं.

रंगाआधी डॅशबोर्ड काही दिवस उन्हात ठेवा. भरण सुटणार असेल तर आत्ताच सुटू दे. रंग व्हायनिलचाच घ्या, लवचीक आणि मॅट. साधा इनॅमल स्प्रे ताणला की फाटतो. पातळ हात मारा, एकदाच जाड नको. घासताना आणि रंगवताना मास्क हवाच.

ही दुरुस्तीही अमर नाही. आवरण आकसणं थांबत नाही, फक्त सावलीने मंदावतं. तडे पार दोन्ही टोकांपर्यंत पसरले असतील आणि दाबल्यावर जागोजागी पोकळ लागत असेल, तर तुकड्या-तुकड्याने भरत बसू नका. नवं आवरण चढवून घ्या. आणि प्रवाशापुढे एअरबॅग असलेली गाडी असेल तर तिच्या झाकणावर किंवा कडेच्या शिवणीवर काहीही भरू नका, चिकटवू नका, कॅपही बसवू नका. तिथलं काम जाणकाराकडेच द्या.

ज्यांनी सोडा-सुपरग्लू आधीच भरलं आहे त्यांनी ते काढायला ॲसिटोन वापरू नये. ॲसिटोन व्हायनिल बिघडवतं आणि एबीएस नावाचं कडक प्लॅस्टिक तर विरघळवतंच. भरणाच्या दोन्ही बाजूंनी ब्लेड चालवून ती कांडी सबंध कापून काढा, खालचा घट्ट झालेला फोमही काढा, आणि रुंद झालेल्या खोबणीत लवचीक फिलर भरायला घ्या.