‘तडा नाही’ म्हणजे बेल्ट चांगला, असं नाही

नमस्कार,

जुन्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह (झडपा) यांच्या हालचालींचा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा, वेळेवर बदला, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, “कव्हर काढून बघितलं, एकही तडा नाही. गाडी फारशी पळतही नाही. तरी बदला म्हणणं म्हणजे लोकांना घाबरवून गॅरेजवाल्यांची धन करणं.”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘घाबरवून’ हा शब्द लागला. माझे वडील मेकॅनिक. त्यांच्या हाताखाली पाने पुसत मोठा झालो, पुढे स्वतः इंजिनं उघडली. बेल्ट तुटलेल्या इंजिनाचं हेड (व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग) उतरवलं की पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हचे वण दिसतात. शेजारी उभ्या मालकाला काय सांगायचं, हा प्रसंग माझ्यावर आलेला आहे. हे पाहिलेला माणूस सावध करणारच. तुमच्यावर ती वेळ आली नाही, याचा मला आनंदच आहे. पण म्हणून दुसऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायचं?

आता तुमचा तडा. बेल्टची ताकद वरच्या रबरात नसते, आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत असते. त्या थकल्या तरी बाहेरून पत्ता लागत नाही. पूर्वीच्या निओप्रीनच्या बेल्टला निदान तडे दिसायचे. नंतरच्या एचएनबीआर रबराचे बेल्ट बरेचदा तडा न दाखवताच दात सोडतात किंवा तुटतात. क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) १,५०० घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. तेवढ्यात बेल्ट गेला की कॅम थांबतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. आणि ‘गाडी फारशी पळत नाही’ हा तर बचावच नव्हे. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, गळक्या सीलचं तेल लागलं तर आणखी लवकर. म्हणूनच बहुतेक मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, आधी जे भरेल ते धरायचं.

एक मात्र मान्य. प्रत्येक इंजिनात व्हॉल्व्ह वाकतातच असं नाही. काहींत पुरेशी जागा असते, गाडी नुसती बंद पडते. काहींना बेल्टच नसतो, चेन असते. तेवढं तुम्ही बरोबर लिहिलंत.

बेल्टबरोबर वॉटर पंप आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ‘उगाच’ बदलायला लावतात, या तुमच्या तक्रारीवर वेळ घालवत नाही. पंप त्याच बेल्टवर फिरत असेल आणि वर्षभरात गळला, तर तीच सगळी मजुरी पुन्हा. टेन्शनरचं बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही जातो. बाकीच्या टोमण्यांना उत्तर देत नाही.

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला वर्षांचा रकाना आधी वाचा, बेल्ट शेवटचा कधी बदलला ते शोधा, आणि मग मला खोटं ठरवा.