म्हणे गोव्यातली चर्चं ‘पोर्तुगालची झेरॉक्स’!

एक फॉरवर्ड जिकडेतिकडे फिरतंय, की गोव्यातली जुनी चर्चं म्हणजे पोर्तुगालची झेरॉक्स, नकाशे तिकडून आले, कारागीर तिकडचे, आपल्या लोकांनी नुसते दगड वाहिले. आणि फोटो कुठला लावलाय, तर गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या तळावलीच्या सांत आना चर्चचा! म्हणजे नेमका चुकीचा.

‘नकाशे तिकडून आले.’ हे चर्च १६८० च्या दशकात उभं राहायला लागलं ते फ्रान्सिस्को दो रेगो या गोवेकर पाद्रीच्या हाताखाली, पूर्ण झालं १६९५ ला. पाच मजली दर्शनी भाग, दोन बाजूंना चौकोनी बुरूज, आता याची नक्कल कुठून केली म्हणाल तर जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या चर्चवरून, ज्याचा आता ४६ मीटरचा एकच बुरूज शिल्लक आहे. शेजारच्याचं बघून केलं, लिस्बनचं नाही. दिवाडी बेटावरचं पिएदादचं चर्चही आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोवेकर पाद्रीनेच आखलं.

‘कारागीर तिकडचे.’ मग १५६७ च्या गोव्यातल्या चर्चच्या धर्मपरिषदेला हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती-चित्रं करून घेऊ नका असं बजावायची वेळ का आली? आणि पुढेही तीच बंदी परत परत घालावी लागली, म्हणजे कोणी ऐकत नव्हतं हे उघड आहे ना. गोव्यातल्या जुन्या चर्चमधले लाकडी पुल्पिट, म्हणजे पाद्री प्रवचन देतो तो उंच सज्जा, खालून वाकून बघा, काहींना आधार द्यायला कंबरेपर्यंत बाई आणि खाली नागाची शेपटी अशा आकृत्या कोरल्यात. हे काय युरोपातून जहाजात घालून आणलं?

‘नुसते दगड वाहिले.’ अहो इथला दगड म्हणजे जांभा, भोकाभोकांचा, त्यात बारीक नक्षी उठतच नाही, म्हणून वर चुन्याचा गिलावा चढवायचा आणि नक्षी त्या गिलाव्यात काढायची, सांत आनाच्या आतलं पांढरंशुभ्र काम बघाल तर लक्षात येईल. बरं, बाहेरचा चुना सांभाळला नाही तर इथला पाऊस जांभा कुरतडून टाकतो. हे सगळं ज्याला हाताने माहीत होतं त्याला तुम्ही हमाल म्हणताय.

हां, देवळं पाडली गेली, १५४० च्या सुमारास याच तिसवाडीत, ते खरंच आहे आणि त्यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही. पण तो हिशोब राजवटीकडे मागा, त्यासाठी गवंडी-सुताराचं श्रेय कशाला खाताय?

शेवटचा मुद्दा तर फारच गंमतीचा, ‘ही चर्चं इथल्या मातीत रुजलीच नाहीत’. जुलैअखेर सांत आनाचं तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त असतं, मूल व्हावं म्हणून जोडपी सांत आनाला, म्हणजे येशूच्या आजीला, तवसं वाहतात, आणि त्या गर्दीत हिंदूही असतात.