ग्रोअर दाण्याबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत, की आमच्या ग्रोअर दाण्यावर (वाढत्या डुकरांच्या तयार खाद्यावर) डुकरांना चरबी चढली पण वजन मनासारखं आलं नाही. टॅगवर प्रोटीन 16 टक्केच, त्याच भावात दुसरीकडे 18 टक्के मिळतं. वर आम्ही लायसिन नावाचं ‘केमिकल’ घालतो. वाचून मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमच्याच लिहिण्यात एक ओळ आहे: ‘घरचा मका निम्मा मिसळला, तेलही टाकलं, तरी फरक नाही.’ दादा, घोळ तिथेच झालाय. लायसिन म्हणजे मांस धरायला लागणारा प्रोटीनचाच एक घटक. आमच्या दाण्यात लायसिन 1 टक्क्याच्या आसपास, मक्यात जेमतेम पाव टक्का. निम्मं-निम्मं केलं की उरतं 0.62. 30-40 किलोच्या डुकराला जवळपास 1 टक्का लागतं. मक्यात ऊर्जा मात्र भरपूर, आणि ऊर्जेची गरज भागली की डुक्कर तोंड बाजूला घेतं. तेलामुळे ती अजून लवकर भागते. म्हणजे खाणं घटलं, लायसिन आणखी घटलं. मांस धरायला लायसिन पुरलं नाही, उरलेल्या ऊर्जेची चरबी झाली.

प्रोटीनच्या आकड्याआधी ते कशातून आलंय ते विचारत जा. शेंगदाण्याच्या पेंडीनंही 18 टक्के भरता येतात, पण तिच्यात लायसिन सोया डीओसीच्या (तेल काढलेल्या सोयाबीन पेंडीच्या) साधारण निम्मंच. अंगी न लागलेल्या प्रोटीनमधला नायट्रोजन लघवीवाटे जातो. शेडमध्ये डोळे चुरचुरतात तो अमोनिया त्यातूनच येतो. आणि लायसिन म्हणाल तर ते मळी-साखरेवर जिवाणू वाढवून, आंबवून बनतं. ते घातल्यानं डीओसी थोडी कमी लागते हे खरं आहे, त्यामुळेच भाव आवाक्यात राहतो.

आता आमची चूक. ‘यात काही मिसळू नये’ ही सूचना टॅगच्या मागे, बारीक इंग्रजीत होती. तुम्ही पोती भरत होतात तेव्हा घरी मका आहे का, हे काउंटरवर कुणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर ग्रोअर न देता कॉन्सन्ट्रेट, म्हणजे मका मिसळूनच द्यायचं खाद्य, दिलं असतं: 30 किलो ते, 70 किलो तुमचा मका भरडून. माफ करा. कालपासून प्रत्येक पोत्यावर मराठी आणि हिंदीत मोठा शिक्का मारतोय.

उरलेली पोती घेऊन छावणीतल्या आमच्या दुकानावर या, कॉन्सन्ट्रेटशी बदलून देतो. मक्याचा किलोभर नमुना आणा, ओलावा बघू. तेल आजच बंद करा. आणि आपल्या माळव्यात घरोघरी सोयाबीन असतं म्हणून सांगतो, कच्चं भरडून अजिबात घालू नका. भाजल्याशिवाय त्यातलं प्रोटीन डुकराला नीट पचत नाही.

मोठ्या डुकरांची चरबी आता उतरायची नाही. पण मागची 20-25 किलोची पिल्लं असतील, त्यातली दहा आज तोलून ठेवा, तीन आठवड्यांनी पुन्हा तोला. तो कागद घेऊन या, मी रोज सकाळी 9 ते 1 स्वतः दुकानावर असतो.