सहाशे विड्या, चारशे विड्या

दुपारपासून लिहितेय आणि खोडतेय. आता लिहूनच टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

आज आमच्या वाचनकट्ट्यावर माझी लेक पहिल्यांदा बोलायला उभी राहिली. अकरावीत आहे. सुझन कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'वर बोलली. दहा मिनिटं मिळाली होती. सातव्या मिनिटाला एक ज्येष्ठ गृहस्थ मध्येच म्हणाले, "छान बोलतेस बाळ. पण हे म्हणजे एक मुलगी, दोन मुलं आणि वर थोडं रक्त. वय आहे तुमचं, वाचा. पुढच्या वेळी मात्र आपल्या मातीतलं काहीतरी आण."

सगळे हसले. मीपण हसले.

ते माझं हसणंच दिवसभर घशात अडकलंय. लेकीनं माझ्याकडं बघितलं, कागदाची घडी घातली आणि खाली बसली. पुढची तीन मिनिटं कुणीच मागितली नाहीत.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालिकेतलं हे पहिलं पुस्तक २००८ चं, सिनेमा २०१२ ला आला. पॅनेम नावाचा देश आहे. मध्ये श्रीमंत राजधानी, भोवती तिला पोसणारे बारा जिल्हे. जिल्ह्यांनी पूर्वी बंड केलं म्हणून दरवर्षी शिक्षा. प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलायची, रिंगणात सोडायची, शेवटी एकच जिवंत. आणि हे सगळं टीव्हीवर. सोळा वर्षांची कॅटनिस धाकट्या बहिणीच्या जागी स्वतः जाते.

आता ती चिठ्ठी कशी, ते ऐका. वयाप्रमाणे दरवर्षी एक वाढते. पण घरात खायला नसेल तर जास्त चिठ्ठ्या टाकून माणशी वर्षाचं जेमतेम धान्य आणि तेल घेता येतं. कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत. तिचा मित्र गेल अठराचा, घरात खाणारी तोंडं जास्त, त्याच्या बेचाळीस. श्रीमंताच्या पोरीचं नाव मोजून पाच-सहा वेळा.

लेक हे पुस्तक रोज संध्याकाळी माझ्या आईला वाचून दाखवते. इंग्रजीतून वाचायचं आणि अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत सांगायचं. अम्मा सत्तरीची. जन्मभर विड्या वळल्या, अजूनही मांडीवर सूप घेऊन दोन-तीनशे वळते, हात थांबला की करमत नाही म्हणते. चिठ्ठ्यांचा हिशेब ऐकून एवढंच म्हणाली, "म्हंजे कार्डावर माणसं जास्त, तर मरायचा नंबरपण जास्त होय?"

साहित्यातलं मला फार कळत नाही. पण वीस पानी समीक्षेत तरी याहून वेगळं काय लिहिणार?

आता या 'प्रेमप्रकरणा'कडं येते, कारण हसू त्यावरच आलं होतं. पीटा हा बेकरीवाल्याचा मुलगा. रिंगणात जायच्या आधी टीव्हीवर सांगून टाकतो की मला ही आवडते. बघणारे वेडे होतात. मग गुहेत जखमी पीटाजवळ बसलेल्या कॅटनिसला कळतं की बाहेरच्यांना प्रेम बघायचंय. ती त्याचं चुंबन घेते आणि वरून सूपचं भांडं येतं, बाहेर बसलेल्या तिच्या गुरूनं पाठवलेलं. तिला हिशेब कळतो. एक चुंबन, एक भांडं. इथून पुढं तिला स्वतःलाच कळेनासं होतं की आपण दाखवतोय किती आणि खरं किती.

लेक म्हणाली, "अम्मम्मा, तिला सूप मिळालं."

अम्मा म्हणाली, "सूप तर माझ्याकडं बी हाय."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग लेकीनं खुणा करून समजावलं, पातळ, गरम, प्यायचं असतं ते. अम्मानं पानाला दोरा गुंडाळला आणि म्हणाली, "असं सांग की. मजुरी मिळाली तिला."

एक मुलगी, दोन मुलं आणि थोडं रक्त म्हणे. अहो, मजुरी आहे ती!

आणि 'आपल्या मातीतलं' म्हणजे काय हो? त्या बारा जिल्ह्यांतला आठवा जिल्हा कापडाचा आहे. तिथं कारखान्यात शिपायांचे गणवेश शिवतात. यंत्रांचा खडखडाट एवढा की एकमेकांच्या कानाशी लागून बोललेलं तिसऱ्या कुणाला ऐकू जात नाही, आणि त्याच आवाजाच्या आडोशानं बंड शिजतं. सोलापुरात बसून तुम्हाला हे लांबचं वाटतं? मागाच्या आवाजात आमच्या अख्ख्या पिढ्या मोठ्यानं बोलायला शिकल्या. आमच्या गल्लीत फोनवर हळू बोलता येणारा एक माणूस दाखवा. देशभराचे गणवेश शिवणारं गाव आहे हे. १९३० च्या मे महिन्यात याच गावातून इंग्रजी अंमल तीन दिवस उठला होता, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. त्यांच्या पुतळ्यांवरून रोज रिक्षानं जाता आणि पोरीला माती शिकवता!

जरा पाणी पिऊन आले.

बरं, मान्य करते. तिसरा भाग रखडतो. याच्यामागून तसल्याच पुस्तकांची रांग लागली, प्रत्येकात एक सोळा वर्षांची खास मुलगी आणि तिच्यामागं दोन देखणे, तेही मान्य. लेकीच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर पीटा की गेल यावर तीन दिवस भांडण चाललं आणि चिठ्ठ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिथं त्या गृहस्थांचं थोडं खरं आहे. थोडंच. माणूस वाईट नाही, त्यांच्या कपाटातली पुस्तकं मीही मागून वाचलीत. म्हणून तर जास्त लागलं.

पण अम्माचं अजून संपलेलं नाही.

पुस्तकात एक प्रसंग आहे. कॅटनिस अकरा वर्षांची, बाप खाणीत मेलेला, घरात अन्न नाही, पावसात बेकरीच्या मागं कचरा धुंडाळतेय. पीटा मुद्दाम पाव जाळतो, त्यासाठी आईचा मार खातो आणि ते जळके पाव तिच्याकडं टाकतो. लेकीनं हे सांगितलं तेव्हा अम्माचा हात थांबला. अम्माचा हात कधी थांबत नाही.

मग तिनं सांगितलं. १९७१ साली तिला बघायला आले. सासूनं नाव विचारलं नाही, शिक्षण तर सोडाच. विचारलं, "दिवसाला किती विड्या वळतीस?" एवढं मला माहीत होतं, आमच्या घरात चेष्टेनं सांगायची गोष्ट आहे ती. अम्मानं सांगितलं, हजार. लग्न ठरलं. पण ती खोटं बोलली होती, हे मला माहीत नव्हतं. तिचा हात सहाशेच्या वर जायचा नाही.

महिनाभरात सासूच्या लक्षात आलं असतं. आलं नाही, कारण माझे वडील मागावरची पाळी संपवून रात्री यायचे आणि त्यांची आई झोपली की अंधारात बसून उरलेल्या चारशे वळायचे. वर्षभर. पुरुषानं विड्या वळल्या हे गल्लीत कळलं असतं तर हसं झालं असतं. "वाकड्या यायच्या त्यांच्या," अम्मा म्हणाली. "कारखान्यात निम्म्या बाजूला काढायचे. मग मी त्यांच्यावरच ओरडायचे."

वडील जाऊन अकरा वर्षं झाली. माझ्या डोळ्यांपुढं ते म्हणजे जेवताना न बोलणारा माणूस. अंधारात बसून बायकोसाठी विड्या वळणारा माणूस मला या महिन्यात भेटला, तोही एका परक्या बाईनं पोरींसाठी लिहिलेल्या पुस्तकामुळं. हे मला कट्ट्यावर उठून बोलायचं होतं. बोलले नाही. हसले.

घरी आल्यावर लेकीनं पुस्तक कपाटात टाकलं आणि कानात इअरफोन घातले. मी सॉरी म्हणाले. "ठीकंय मम्मी," म्हणाली. ठीक नाही हे दोघींनाही कळतं.

संध्याकाळी अम्मानं सूप मांडीवर घेतलं आणि हाक मारली, "पुस्तक आण की."

"आज नको, अम्मम्मा."

"बरं. मग नुसतं सांग, शेवटी लग्न कुणाशी करते ती? बेकरीवाल्याशीच ना?"

आतून आवाज आला, "असं मधलं सोडून सांगत नसतात!" आणि पाच मिनिटांनी पुस्तक घेऊन बाईसाहेब बाहेर.

आता हे टाइप करतेय तेव्हा दोघींचं पुढच्या खोलीत चाललंय. दुसरा भाग सुरू झालाय, आठव्या जिल्ह्यापर्यंत आलेत. गणवेशाच्या कारखान्याचं ऐकून अम्मानं मध्येच थांबवलं आणि विचारलं, तिथं नगावर मजुरी किती देतात ते लिहिलंय का. लेक मघापासून पानं उलटून शोधतेय.