पालकांनी सही केली म्हणजे मुलाचे हक्क संपत नाहीत

आज सकाळी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात फिरत आली. "बिघडलेली, हट्टी, व्यसनी मुलं ९० दिवसांत सुधारतील. घरून उचलून नेण्याची सोय. पहिला महिना भेट आणि फोन बंद. पालकांनी फक्त एक सही करायची." खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, "अशा सेवेची फार गरज होती", "नंबर पाठवा". वाचून डोकं फिरलं. शिकलेसवरलेले लोक आहेत हे सगळे. स्वतःच्या पोराला चार अनोळखी माणसं पहाटे उचलून नेणार, यात एकालाही काही खटकलं नाही.

ओळखीतल्या एका घरात नेमकं हेच झालं. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. गांजा ओढताना सापडला, घरात आदळआपट सुरू झाली, एकदा वडिलांवर हातही उगारला. पहाटे गाडी आली आणि चौघांनी अनवाणीच उचलून आत घातलं. वडिलांनी एका कागदावर सही केली आणि सगळ्यांनी धरून चाललं की आता विषय मिटला.

तो मिटत नाही. कायद्याच्या हिशेबात तिथून तो सुरू होतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातलं कलम ८७ खास अठरा वर्षांखालच्या मुलांना दाखल करण्याबद्दल आहे. व्यसनमुक्ती केंद्रं त्यातून सुटत नाहीत, कारण दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास कायद्याच्या व्याख्येतच धरलेले आहेत. पालक मुलाचे नामनिर्देशित प्रतिनिधी असतात, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने बोलणारे, पण त्यांचा फक्त अर्ज असतो. अर्ज आला की दोघांनी मुलाला तपासायचं: एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, दुसरा मानसोपचारतज्ज्ञ, मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा साधा एमबीबीएस डॉक्टरही चालतो. तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी, आणि दोघांनी स्वतंत्रपणे. आजार दाखल करण्याइतका गंभीर आहे, दाखल करणं मुलाच्या हिताचं आहे, त्याशिवाय उपचार होऊच शकत नाहीत, आणि घरी राहून करता येण्याजोगे उपाय एकतर फसलेत किंवा उघडपणे कामाचे नाहीत, या चारही गोष्टी दोघांनाही पटायला हव्यात. मुलाचं म्हणणं काय, तेही लक्षात घ्यायचंय.

या मुलाची फाइल पुढे मागवली गेली तेव्हा दोन डॉक्टरांचे दोन अहवाल निघाले. अक्षर एकच. वाक्यं तीच. 'आक्रमक' लिहिताना झालेली चूकसुद्धा दोन्हीकडे तीच. बाह्यरुग्ण उपचार कधी झाले, समुपदेशन कधी झालं, त्या रकान्यात नुसती आडवी रेघ. जो मुलगा तोवर एकाही मानसोपचारतज्ज्ञाला दाखवलेला नव्हता, त्याच्यासाठी बाकी सगळे उपाय फसले हे ठरवलं कुणी?

चीड येते ती इथे. आणि हे फक्त गांजाचं नाही. जातीबाहेरच्या मुलावर प्रेम केलं म्हणून, देवाला हात जोडत नाही म्हणून, मुलगा 'बायकी' वागतो म्हणून पोरांना डॉक्टरांपुढे उभं करतात. कलम ३ मध्ये सरळ लिहिलंय की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चौकटीत न बसणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही.

हो, कधी कधी दाखल करावंच लागतं. सोळा वर्षांची मुलगी जीव द्यायला निघाली असेल तर कागद गोळा करत बसायला वेळ नसतो, मान्य. म्हणूनच कलम ९४ मध्ये तातडीच्या उपचारांसाठी ७२ तास दिलेत, तेही प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. ७२ तास म्हणजे तीन महिने नव्हेत.

आता आत काय चालतं ते. अल्पवयीन मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवायचं. पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण काळ त्याच्यासोबत तिथेच राहणार. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल, तर सोबतीला बाई हवीच. "पहिला महिना भेट बंद" असं छापणारं केंद्र हीच तरतूद पायदळी तुडवतंय. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला महिनाभर मुक्काम परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पण त्यावर नातेवाइकांपैकी कुणाला तरी नेमता येतं. मुलाला एकटं टाकणं हा त्यावरचा उपाय नाही.

त्या मुलाचं पहिल्या दिवशी डोकं भादरलं आणि अंगात केंद्राचं नाव छापलेला टीशर्ट घातला. कलम २० मध्ये दोन्हीला मनाई आहे. सक्तीने केस कापता येत नाहीत, स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती करता येत नाही. त्याने परीक्षेच्या फॉर्मबद्दल विचारलं म्हणून रात्रभर खाटेला बांधून ठेवला. साखळीला पूर्ण बंदी आहे. एकांतकोठडीलाही. हातपाय आवरून धरायचे तर ते तत्काळ इजा टाळण्यासाठी, दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ, नोंद करून आणि प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच नाही. शॉक ट्रीटमेंट अल्पवयीनाला बंद आहे. फारच गरज वाटली तर पालकांची संमती आणि मंडळाची आगाऊ परवानगी, दोन्ही लागतात.

हे मंडळ म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाची व्यक्ती. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि स्वतः मानसिक आजारातून गेलेले, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्थांचे असे दोन सदस्य. अल्पवयीनाला दाखल केलं की ७२ तासांत मंडळाला कळवायचं. मुक्काम ३० दिवसांवर गेला की लगेच पुन्हा कळवायचं, मग मंडळाने सात दिवसांत फेरतपासणी करायची आणि पुढे दर ३० दिवसांनी. या केंद्राने काहीच कळवलं नव्हतं. मंडळाला मुलगा आत आहे हे माहीतच नसेल तर ते तपासणार काय?

वडिलांवर राग काढून मला समाधान मिळत नाही. तो माणूस रात्ररात्र जागलेला होता, आणि विचारायला गेला तर प्रत्येकाने केंद्राचाच नंबर दिला. एकानेही सांगितलं नाही की प्रतिनिधी म्हणून त्याने पाठिंबा काढून घेतला किंवा घरी सोडा म्हटलं की मुलाला सोडावंच लागतं. केंद्र त्याला "करार तीन महिन्यांचा आहे" एवढंच ऐकवत राहिलं. असला करार कायद्यापुढे टिकत नाही.

शेवटी हलली ती मुलाची मावशी. कलम १५ प्रमाणे पालक मुलाच्या हिताचं वागत नसतील, तर त्याचं हित पाहणारी कुणीही व्यक्ती प्रतिनिधी बदलण्यासाठी मंडळाकडे अर्ज करू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने फुकट वकील दिला, मंडळाने फाइल मागवली, आणि मुलगा बाहेर आला. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख तोवर निघून गेली होती.

तुमच्या माहितीत असं मूल असेल तर थांबू नका. अर्ज साध्या कागदावर चालतो, फी लागत नाही. त्यात अर्जदाराचं नाव, संपर्क, प्रतिनिधीचा तपशील, केंद्राचं नाव, काय घडलं आणि काय हवंय एवढं लिहा. दाखल केल्याची तारीख, तपासणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची नावं आणि सोबत कोण राहतंय, हेही घाला. अल्पवयीनाच्या दाखल करण्याला आव्हान देणारा अर्ज सात दिवसांत निकाली काढायचा असतो. मंडळ कुठे बसतं हे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात कळेल, फोन १५१००. मुलाला मारहाण होत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८. आणि दाखल करायचं की नाही याच घोळात असाल तर आधी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर बोला.

अपवादात्मक परिस्थितीत आत असलेल्या रुग्णाचा अर्ज मंडळ तोंडी किंवा फोनवरही घेऊ शकतं. म्हणजे मुलाचा फोन बंद करणारं केंद्र त्याचा मंडळाकडे जायचा रस्ताच बंद करत असतं. भेटीच्या आणि फोनच्या वेळा केंद्राने जरूर ठरवाव्यात. पण मंडळाशी, वकिलाशी आणि प्रतिनिधीशी बोलणं अडवायचा अधिकार कुणालाही नाही. दाखल करताना हे लेखी मागून घ्या. देत नसतील तर मुलाला घेऊन तिथूनच परत फिरा.