माशाचे नाव बदलले म्हणजे ते खोटे होते असे नाही

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय सांभाळणाऱ्या पुण्यातील हौशी मंडळींमध्ये आणि सुटीत मालवण किंवा अंदमानला जाऊन पाण्याखाली उतरणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : प्रवाळभित्तीवरील माशांची शास्त्रीय नावे सतत बदलतात, म्हणून ती निरुपयोगी आहेत, मासा रंगावरून कोणालाही ओळखता येतो, शास्त्रज्ञ उगाच एकाचे दोन करतात, ही नावे युरोपीयांनी आपल्यावर लादली आहेत, आणि आता डीएनए तपासणी आल्यामुळे संग्रहालयांत मासे जपून ठेवलेल्या जुन्या बरण्यांची गरज उरलेली नाही. तेव्हा दुकानात चालणारी नावेच वापरावीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. माझ्याकडे तो ओळखीच्या अनेकांकडून आला. त्यातील बहुतेकांना माशांविषयी खरी आस्था आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

नावे बदलतात हे खरे आहे. पण नेमके काय बदलते, हे तो मजकूर सांगत नाही. शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नातलगांच्या गटाचा, आणि दुसरा त्या विशिष्ट जातीचा. (वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सरसकट जातीसाठी वापरला जातो आणि तेथेच निम्मा गोंधळ सुरू होतो.) जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉख यांनी 1790 मध्ये एका महाकाय हेकरूला (ग्रूपर माशाला) ‘होलोसेंट्रस लॅन्सिओलॅटस’ असे नाव दिले. पुढे तो ‘प्रोमिक्रॉप्स’ प्रजातीत गेला आणि नंतर ‘एपिनेफेलस’मध्ये आला. या सर्व प्रवासात ‘लॅन्सिओलॅटस’ हा शब्द हललेला नाही, त्यामुळे दोन शतकांपूर्वीच्या ग्रंथापासून आजच्या नोंदीपर्यंतचा धागा अखंड राहतो. नावापुढे लेखक आणि वर्ष कंसात छापलेले असेल, तर या जातीची प्रजाती मूळ वर्णनानंतर बदलली आहे, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे बदलाची कबुली नावाबरोबरच दिलेली असते. 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या हेकरूचा समावेश झाला. कायद्यातला मासा आणि जाळ्यात आलेला मासा एकच आहे, हे ठरवायचे तर असाच धागा हाताशी लागतो.

प्रजाती बदलण्यालाही कारण असते. गालावर काटा असलेल्या गडद तांबड्या क्लाउनफिशला दीर्घकाळ ‘प्रेम्नस’ ही स्वतंत्र प्रजाती दिली जात होती. आनुवंशिक अभ्यासात तो ‘ॲम्फिप्रिऑन’च्याच वंशवृक्षाच्या आतली फांदी ठरला, म्हणून आता त्याला ‘ॲम्फिप्रिऑन बायॲक्युलिएटस’ म्हणतात. चुकीचे नाते माहीत असूनही जुने नाव तसेच चालवले असते, तर ती स्थिरता कोणाच्या उपयोगाची होती?

रंगाचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो डोळ्यांना पटतो. एंपरर एंजलफिशचे पिलू गडद निळे असते आणि त्याच्या अंगावर एकात एक पांढरी वर्तुळे असतात. प्रौढ मासा मात्र निळ्या अंगावर पिवळ्या आडव्या रेघांचा असतो. ब्लॉख यांनी 1787 मध्ये प्रौढाला ‘इंपरेटर’ म्हटले, आणि 1801 मध्ये ब्लॉख व श्नायडर यांच्या ग्रंथात पिलाला ‘निकोबारिएन्सिस’ हे वेगळे नाव मिळाले. रंगावर विसंबल्यामुळे एका माशाच्या दोन जाती झाल्या होत्या. त्या एक आहेत हे कळल्यावर आधीच्या नावाला अग्रक्रम मिळाला आणि निकोबारचे नाव मागे पडले. पॅरटफिशमध्ये हा घोटाळा आणखी वाढतो, कारण त्यांच्या अनेक जातींत मादीचे रूपांतर नरात होते आणि त्याबरोबर रंग पार बदलतो; एकाच जातीला दोन-तीन नावे मिळाल्याची उदाहरणे तेथे पुष्कळ आहेत.

याच्या उलट, ‘ऑसेलारिस’ आणि ‘पर्क्युला’ हे दोन नारिंगी क्लाउनफिश जवळजवळ सारखेच दिसतात. पहिल्याच्या पाठीवरच्या परात सहसा 11 काटे असतात, दुसऱ्याच्या परात 10; पहिला अंदमानात सापडतो, तर दुसऱ्याचे घर उत्तर क्वीन्सलँड आणि मेलानेशियात आहे. दुकानदार दोघांनाही एकाच नावाने विकतो. आणि शास्त्रज्ञ एकाचे दोन करतात, हा आरोप करणाऱ्यांनी एक हिशेब पाहावा : माशांच्या जातींसाठी आजवर 60 हजारांहून अधिक नावे सुचवली गेली, त्यांतून आज ग्राह्य धरलेल्या जाती सुमारे 36-37 हजार आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेक नावे अभ्यासकांनीच एकमेकांत विलीन केली आहेत.

दुकानातल्या नावांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ‘ब्लू टँग’ म्हणून हिंदी-प्रशांत महासागरातला एक मासा विकला जातो आणि कॅरिबियन समुद्रातल्या वेगळ्याच प्रजातीच्या माशालाही तेच नाव आहे. गणेश पेठेच्या बाजारात हलव्याला इंग्रजीत ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’ म्हटले जाते, पण तो पापलेटच्या कुलातला नाही. हलवा हे मराठी नाव येथे अधिक नेमके आहे, आणि ते टिकवावे असे मला मनापासून वाटते. मात्र ते केरळात किंवा ओमानमध्ये कामाला येणार नाही.

परकेपणाच्या आक्षेपात सत्याचा मोठा अंश आहे. ज्या कोळ्यांनी मासे पकडून दिले, त्यांची नावे जुन्या ग्रंथांत क्वचितच आढळतात, आणि हा अन्याय मान्य केलाच पाहिजे. परंतु सगळी नावे युरोपीय आहेत, हे विधान चूक आहे. तांबड्या समुद्राचे मासे गोळा करणारा फॉर्सकॉल 1763 मध्ये येमेनमध्ये वारला. त्याचे लेखन त्याचा सहप्रवासी नीबूर याने 1775 मध्ये प्रसिद्ध केले. फॉर्सकॉलच्या मृत्यूनंतर हाच नीबूर मुंबईत आला होता आणि त्याने घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढली. फॉर्सकॉलने अनेक ठिकाणी तिथल्या अरबी बोलीतली नावेच घेतली : बोहार, हरीद, घोब्बान, सोहल. ती आजही शास्त्रीय नावे म्हणून चालू आहेत.

आता डीएनए. तो अमूल्य आहे, पण तो नाव देत नाही. नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते; वर्णन अपुरे असले, तरी तो नमुना पुन्हा काढून पाहता येतो. शिवाय डीएनए नेहमी एकच उत्तर देतो असेही नाही. ‘सेंट्रोपायज’ प्रजातीतल्या एब्ली, फ्लॅविसिमा आणि व्रोलिकी या तीन एंजलफिशचे रंग स्पष्टपणे वेगळे आहेत, पण त्यांच्या मायटोकाँड्रियल (म्हणजे आईकडून येणाऱ्या) डीएनएचे गट रंगाप्रमाणे न पडता समुद्राच्या भागांप्रमाणे पडतात. अशा वेळी काटे, खवले, वस्ती, संकर हे सर्व एकत्र ठेवूनच निर्णय करावा लागतो.

मालदीवमधल्या एका गुलाबी रासमाशाचे (इंग्रजीत ‘रॅस’) उदाहरण या सर्व मुद्द्यांना स्पर्श करते. 1983 मध्ये हिंदी महासागरातील चागोस बेटांवरील एकाच पिलावरून ‘सिऱ्हिलाब्रस रुब्रिस्क्वामिस’ ही जाती वर्णिली गेली, आणि मालदीवचे मासे तिचेच प्रौढ रूप असावेत, असे बराच काळ मानले गेले. पुढे अभ्यासकांनी खवले मोजले, पाठीच्या परातील काट्यांची उंची तपासली, प्रौढ नरांचे रंग नोंदले, डीएनए पडताळला, आणि 2022 मध्ये मालदीवची जाती वेगळी म्हणून जाहीर केली. तिचे नाव त्यांनी ‘फिनिफेन्मा’ ठेवले. हा मालदीवच्या धिवेही भाषेतला गुलाबासाठीचा शब्द आहे, आणि आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉयची महल ही त्याच भाषेची बोली आहे. वर्णन करणाऱ्यांमध्ये एक मालदीवचा संशोधकही होता. ज्या एका पिलाशी जुने नाव बांधलेले होते, ते जपून ठेवलेले नसते, तर मालदीवचा मासा वेगळा आहे, हे कशाच्या तुलनेत म्हणायचे, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असता.