दुसरा टेक

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच रील फिरतेय. एक हिरो, दंडाला पट्टी, तोंडावर धूळ, आणि खाली ओळ: "बॉडी डबल घेतला नाही, सगळे स्टंट स्वतः केले." म्हणजे धोक्याची कामं करायला त्याच्यासारखा दिसणारा दुसरा माणूस घेतला नाही. त्याखाली बदाम, टाळ्या, "खरा मर्द" वगैरे. घोडबंदर रोडला राहणारी आपण माणसं. आपल्या आजूबाजूला मालिकांचे सेट लागतात, जनरेटर व्हॅन आपल्या गल्लीत उभ्या असतात. आपल्याला तरी हे काम जवळून माहीत असायला हवं. संताप आला म्हणून लिहितेय, लांबेल.

कळव्यातल्या एका नटाचं सांगते. मालिकांमध्ये इन्स्पेक्टर, गुंड, नायकाचा मित्र अशी छोटी कामं करायचा. पावसाळ्याचे दिवस, इथल्याच एका सेटवर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पाठीवर पडायचा सीन. उंची दहा फूट. खाली पुठ्ठ्याचे खोके. पहिला टेक उत्तम झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण हात फ्रेमच्या बाहेर गेला होता, म्हणून "एक और". खोके तेच ठेवले. आज त्याच्या कमरेत दोन सळ्या आणि स्क्रू आहेत.

खोक्यांवर पडणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण "गाद्या होत्या ना खाली?" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. खोके रिकामे लागतात, साधारण दीड फुटाचे, एकावर एक दोन थर. सगळीकडून टेप मारून हवाबंद करायचे नसतात, पडल्यावर आतली हवा निघायला वाट हवी. भोवती दोरी किंवा ताडपत्री आवळून बांधायची, नाहीतर वजन आलं की खोके बाजूला पळतात आणि माणूस थेट फरशीवर येतो. वर पातळ मॅट, म्हणजे हात किंवा पाय दोन खोक्यांच्या फटीत जाणार नाही. पडताना हनुवटी छातीला, पाठ सपाट, हात मागे टेकायचे नाहीत. खोका चुरगळतो तेव्हाच तो तुम्हाला वाचवत असतो. चुरगळला की त्याचं काम संपलं.

हिशोब शाळेतला आहे. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. दहा फुटांवरून पडून दोन फुटांत थांबलात तर शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पाचपट झटका बसतो. तेच खोके आधीच्या टेकमध्ये दबलेले असतील आणि थांबायला सहा इंचच मिळाले, तर वीसपट. लढाऊ विमानातून सीटसकट बाहेर फेकल्या जाणाऱ्या वैमानिकांच्या मणक्यांना याच्या आसपासच्या झटक्यांनी तडे जातात. त्यात आपला जुलै. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्मी होते. खोका बाहेरून कोरडा दिसतो, हाताने दाबलं की कोपरा मऊ लागतो. मऊ लागला तर तो खोका फेकायचाच, तिथे दुसरा विचार नाही.

सगळा थर बदलायला अर्धा तास लागतो. त्या संध्याकाळी तो अर्धा तास नव्हता, कारण शिफ्ट संपत आली होती.

दुसऱ्या टेकचं हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. जॅकी चॅन ऐंशीच्या दशकात युगोस्लाव्हियात शूटिंग करत होता. भिंतीवरून झाडाच्या फांदीवर उडी. पहिली उडी बरोबर पडली होती. त्याचं समाधान झालं नाही, त्याने परत घेतली, फांदी तुटली आणि डोकं दगडावर आपटलं. कवटी फुटली. तिथे आजही प्लास्टिकचा तुकडा बसवलेला आहे आणि एका कानाला कमी ऐकू येतं. जगातला इतका तयार माणूस, पण फांदीला त्याची तयारी माहीत नसते. पहिल्या उडीत तिने किती सोसलं हे कोणी तपासलं नव्हतं.

आणि हे सगळं उंचीवरच होतं असंही नाही. आपल्या येवल्याच्या ललिता पवार घ्या. १९४२ साली एका सिनेमात मास्टर भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. ती इतक्या जोरात बसली की डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याला लकवा मारला. तीन वर्षं उपचार चालले आणि डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेची कामं गेली. पुढे तोच बारीक झालेला डोळा बघून आपल्या आज्या खाष्ट सासूला शिव्या घालायच्या, टीव्हीवर मंथरा आली की पोरं घाबरायची. त्या बाईंनी त्या डोळ्यावर अख्खी दुसरी कारकीर्द उभी केली. फार मोठं काम होतं ते. पण मोल एका थपडेचं होतं, आणि ती थप्पड गालाला लावायची गरजच नव्हती.

थप्पड कशी द्यायची ते सांगते. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की हात गालापासून वीतभर लांबून गेला तरी पडद्यावर लागलेला दिसतो. लेन्सला खोली कळत नाही. आवाज नंतर भरतात. मार खाणाऱ्याने हाताबरोबर मान वळवायची, आधीही नाही आणि नंतरही नाही. एवढंच बसवायला वीसेक मिनिटांची रिहर्सल लागते. खरीच लावायची असा कोणी हट्ट धरला तर सैल मनगटाने, बोटांच्या पेरांनी, गालाच्या मऊ भागावर. तळहाताचा टणक भाग जबड्यावर येता कामा नये. आणि हाताची वाटी कानावर कधीच नाही, त्या वाटीत दाबली गेलेली हवा कानाचा पडदा फाडते.

अमिताभ बच्चन यांचं सगळ्यांना पाठ आहे. जुलै १९८२, बंगळूर, 'कुली'ची मारामारी, टेबलाचा कोपरा पोटात. लोकांनी नवस बोलले, रक्तासाठी रांगा लावल्या. त्यापुढचं मात्र कोणी बोलत नाही. त्यांना दिलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी शिरला. ते अनेक वर्षांनी कळलं, तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. त्यांनी स्वतः हे जाहीरपणे सांगितलंय. टेबलाच्या कडेला रबर किंवा फोम लावून वरून लाकडाच्या रंगाचा हात मारतात, हे सेटवरच्या कुठल्याही सेटिंगवाल्याला येतं. त्या टेबलाचा कोपरा तसा मऊ असता तर? हा प्रश्न चाळीस वर्षांनंतरही मला सोडत नाही.

आता कोणीतरी म्हणेल की काही नटांची तयारी खरोखर असते, आणि चेहरा दिसला की सीनला वजन येतं. येतं. मान्य.

पण "डबल घ्या म्हणजे झालं" हेही मला पटत नाही. डबलची हाडं काही लोखंडाची नसतात. हॅरी पॉटरच्या सिनेमांत डॅनियल रॅडक्लिफचं डबलचं काम करणारा डेव्हिड होम्स. जानेवारी २००९ मध्ये रिहर्सलला केबलने जोरात मागे खेचायचा स्टंट होता. तो भिंतीवर आदळला, मान मोडली, छातीखालचं शरीर लुळं पडलं. वय पंचविशीतलं.

मागे खेचायच्या स्टंटमध्ये आधी माणसाच्या वजनाची वाळूची गोणी बांधून खेचायची असते. पहिल्यांदा निम्म्या जोराने, मग पाऊणपट, मग पूर्ण. गोणी नेमकी कुठे थांबते तिथे खूण करायची आणि त्या खुणेच्या मागे चांगली मोकळी जागा सोडायची. हार्नेसची, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांची, ओढ नेमक्या जागी हवी. ती जागा चुकली की धड एका वेगाने जातं आणि साडेचार-पाच किलोचं डोकं मागे राहतं, सगळा झटका मानेवर. केबलच्या टोकाला यू बोल्टच्या क्लिपा लावताना सॅडल, म्हणजे क्लिपची खाचेची बैठक, भार घेणाऱ्या बाजूला यायला हवं. उलटी लावली तर बोल्ट भाराचीच तार चिरडतो आणि केबल तिच्या ताकदीच्या खूप आधी दगा देते. शॅकलची, म्हणजे केबल अडकवायच्या लोखंडी कडीची, पिन तारेने बांधून टाकायची, हादऱ्याने ती फिरत जाते. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर हे सगळं पुन्हा तपासायचं. सकाळी तपासलं होतं हे उत्तर चालत नाही.

नोव्हेंबर २०१६. बंगळूरजवळचं तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण. अनिल आणि उदय या दोन कन्नड नटांनी हेलिकॉप्टरमधून पाण्यात उडी मारली. अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. दोघंही बुडाले. त्यांच्याबरोबर उडी मारलेला नायक वाचला. हे टाइप करतानाही हात थरथरतोय. कपड्यांच्या आत बसणारी जॅकेट मिळतात हो! पाण्यात आधीपासून पोहणारी माणसं आणि इंजिन चालू ठेवलेली बोट, एवढी तर किमान तयारी. अशा शूटिंगचा खर्च लाखांत असतो, त्यात हे बसत नाही?

कळव्याच्या त्या माणसाला हे सगळं माहीत होतं, बरं का. त्याने वर चढण्याआधी विचारलंही होतं की खोके बदलणार का. "अरे पहिला तर मस्त झाला" असं उत्तर आलं. छोट्या नटाने दोनदा विचारायचं नसतं, पुढच्या वेळी बोलावत नाहीत. आणि मोठ्या नटाने विचारलं तर तो घाबरला म्हणतील, कारण आपण सगळे मोबाइल घेऊन बदाम टाकायला बसलोय. यातला आपला वाटा मला टोचतो.

तो आता अर्ध्या तासाच्या वर बसू शकत नाही. गडकरी रंगायतनला नाटक बघायला येतो तेव्हा शेवटच्या रांगेमागे उभा असतो, मध्ये मध्ये भिंतीला पाठ लावतो. नाटक सोडत नाही. त्याच्याकडे कराराचा कागद नव्हता, कॉल आला आणि गेला. सिने-कामगारांना लेखी करार द्यायची अट १९८१ पासून कायद्यात आहे. विमा कोणाच्या नावाने आहे, त्यात स्टंट धरलाय की वगळलाय, कायमच्या अपंगत्वाला किती मिळतात, हे त्या कागदाबरोबर वाचून घ्यायचं असतं.

माझ्या यादीत सेटवर काम करणारे बरेच जण आहेत, निदान तुम्ही तरी ऐका. फाइट मास्टरना दर टेकनंतर विचारा: खोके बदलले का, केबल परत ओढून बघितली का, गोणी टाकून बघितली का. "नाही" आलं तर वर चढू नका. अर्धा तास उशीर झाला तर प्रॉडक्शन ओव्हरटाइम देईल. आणि त्यावरून कोणी तुमचं काम काढलं तर मला मेसेज करा, मी असोसिएशनच्या ऑफिसात तुमच्याबरोबर येईन.